भिंत हिरवीच राहिली

त्या सकाळी माईंनी उठल्याउठल्या, नेहमीप्रमाणे, आधी भिंत पाहिली. भिंतीला दिलेला शेवाळाचा जिवंत रंग हवा शुद्ध असली की हिरवा राहतो आणि बिघडली की राखाडी पडतो, असं रंगाच्या डब्यावर छापलेलं होतं.

"हेमे, बघ, हिरवीगार! आज प्राणवायूच्या यंत्राला सुट्टी."

"लावून घे गं, माई."

"अगं, तुझ्याच कंपनीचा रंग, आणि तुझाच भरवसा नाही होय?" माई हसल्या. वीजकेंद्राच्या धुराड्यांकडची खिडकी सताड उघडून त्या मेथी निवडायला बसल्या. त्यांची लेक हेमलता जेवणाचा डबा घेऊन ऑफिसला गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे माई गेल्या.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. तोवर बातमी फुटली होती. कंपनीला टाळं लागलं होतं आणि गल्लीत घरोघरी लोक भिंती खरवडत होते. हेमलताने फोटोपुढचं धुपाटणं उचलून भिंतीशी धरलं. धूर दाटला, तिला ठसका लागला. भिंत हिरवीच राहिली.

राखाडी पडलेला रंग गिऱ्हाईक परत करतं, म्हणून तो कधी राखाडी पडूच नये, असं दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत ठरलं होतं. डब्यावरचं वाक्य त्यानंतरही तिनेच लिहिलं होतं.

कोपऱ्यातल्या यंत्रावर माईंनी विणलेला रुमाल तसाच होता. ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

"माई," रिकाम्या घरात ती मोठ्याने म्हणाली, "भिंत खोटी आहे, हे मला माहीत होतं."