पाच काड्यांची नळी

"आज ताप?" वर्षालीने विचारलं.

"माहा उतरला," फोनवर पुंजाजी म्हणाले. "मैनाबाईचं समजत नाही. मुकीच हाय ती. पन डोये पाहून वाटते, बरी असन."

वर्षाली अमरावतीत बसून कोरोनाच्या संशयितांना रोज फोन करायची. किट कमी होते, म्हणून पाच जणांच्या नाकातल्या स्वॅबच्या काड्या एकाच नळीत घालून तपासायच्या. नळी निगेटिव्ह, तर पाचही मोकळे. पॉझिटिव्ह, तर पाचही अडकले, पुन्हा वेगवेगळी तपासणी. काड्या घरच्यांनीच घ्यायच्या. पाच भरल्या नाहीत, तर नळी परत. शेअर जीपसारखं, सवाऱ्या भरल्याशिवाय गाडी हलत नाही.

मोर्शीजवळच्या संत्र्याच्या मळ्यातली पुंजाजींच्या घरची नळी पॉझिटिव्ह आली होती. पुंजाजी, मैनाबाई, माणिकबाई, अंकुर, पौर्णिमा.

"अंकुरला सांगा, काडी पुन्हा घ्यावी लागेल."

"तो नाही घेऊ देत. मागच्या टायमाले लाथ मारली मले."

"तुम्हाला? लाथ?"

"जवान हाय. चालते." मग सहज म्हणाले, "आन पौर्णिमाचे दिवस भरले."

वर्षाली ताडकन उभी राहिली. "हे आज सांगता?"

"तुमी तापाचंच इचारता ना रोज."

कोविड केंद्रात एकही खाट रिकामी नव्हती. डॉक्टरांनी तिला दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा ती दारातच बसली. दुपारपर्यंत पाच खाटा मिळाल्या. ऑक्सिजनजवळची तिने पौर्णिमासाठी धरली, स्वतःच्या खोलीवरून धुतलेली चादर आणून अंथरली. राजापेठेतल्या त्या खोलीवर दुसरी चादर वापरायला कोणी नव्हतंच.

"गाडी निघाली, काका. सगळे तयार राहा."

"राह्यतो. तुमच्या घरी कोन कोन असते, म्याडम?"

"मी एकटीच."

"अरे! मंग करमते कसं?"

तिने फोन ठेवला.

चार वाजता ड्रायव्हर गोपालचा फोन आला.

"म्याडम, बुढे बाबा बसले गाडीत. बाकीचे चौघं नाही चढत."

"काहून नाही चढत? पौर्णिमा कशी आहे? बोल लवकर!"

"झकास. आत्ताच गोठ्यात व्याली, कालवड झाली. बाबा इचारून राहिले, तिचं नाव वर्षाली ठेवलं तं चालन का?"