डावीकडची जागा

"अजून थोडी जागा सोडा. डावीकडे," मनोज म्हणाला.

गोटीराम दोन पावलं मागे सरकला आणि त्याने कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. समोर वाळूच्या टेकड्या आणि उजव्या कडेला एकटा मनोज. शेजारी कोणी उभं असावं तसा त्याने एक हात बाजूला धरला होता. हात मोकळाच होता, पण चेहऱ्यावर हसू होतं.

गोटीरामला भडभडून आलं. काच पुसण्याचं निमित्त करून त्याने डोळे पुसून घेतले.

"तारीख पडते ना फोटोवर?"

"पडते. कोपऱ्यात."

"असू द्या. आठवण राहील."

डिसेंबर १९९८. नाशिक सोडून तिसरा दिवस होता. सकाळी थंडी इतकी, की कॅमेऱ्याचं बटण बोटाला कळत नव्हतं.

गोटीरामचा पंचवटीत फोटो स्टुडिओ होता. पंधरा दिवसांपूर्वी ओझरचा मनोज तिथे आला, तो लग्नातला फोटो घेऊनच. फोटो गोटीरामनेच काढलेला. आशा, हिरवा शालू, डाव्या खांद्यावर जरीचा पदर.

"बायको गेली हो माझी. दिवाळीनंतर. तापाचं निमित्त झालं."

स्वयंपाकघरात तिने उंटांचं एक जुनं कॅलेंडर लावलं होतं म्हणे. वर्ष संपलं तरी उतरवू देत नव्हती. एकदा वाळवंट दाखवा, एवढाच हट्ट. "जिवंतपणी नेता आलं नाही," मनोज म्हणाला, "फोटोत तरी नेतो."

गोटीराम तिथेच विरघळला. त्याची स्वतःची लंकाबाई चार वर्षांपूर्वी गेली होती. तीस वर्षांत त्याने अर्ध्या नाशिकच्या नवऱ्या नटवून बसवल्या, आणि बायकोचा म्हणून घरात होता तो बसच्या पासावरचा एवढासा फोटो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि मनोजच्या जीपमध्ये जाऊन बसला.

वाटेत मनोज फार बोलत नसे. लॉजवर पोचलं की गोटीरामला जीपपाशी थांबवून आधी एकटा आत जाई, वहीत नावं स्वतः लिही, आणि पावती घडी करून पाकिटात जपून ठेवी. नीटनेटका माणूस, असं गोटीरामला वाटलं.

"तिच्या आईला सांगितलंत का या फोटोंचं?" त्याने एकदा विचारलं.

"नको. म्हातारी हाय खाईल. मीच दाखवीन, वेळ बघून."

आणि त्याने जोधपूरच्या रस्त्याला जीप दामटली.

परतल्यावर गोटीरामने आठ दिवस मान वर केली नाही. आशाला ब्लेडने कापून वाळूवर चिकटवायचं, कडा रंगाने मिटवायच्या आणि त्या फोटोचा पुन्हा फोटो काढायचा. अडचण एकच होती. वाळवंटात ऊन डावीकडून होतं आणि लग्नातल्या फोटोत दिवा उजवीकडून. ऊन फसलं की फोटो फसला. त्याने आशाची निगेटिव्ह उलटी घातली आणि प्रिंट काढली. आता तिच्या गालावरचं ऊन आणि मनोजच्या गालावरचं ऊन एकच झालं. पायाशी सावली त्याने ब्रशने ओढली. नवरा-बायको खरंच तिथे जाऊन आल्यासारखी दिसू लागली.

मनोजने अल्बम नेला. फोटो नीट निरखले, तारखा पाहिल्या, आणि गोटीरामचे दोन्ही हात धरले.

एक प्रिंट मात्र गोटीरामने जास्तीची काढून ठेवली होती. बायकोचा फोटो नसला की घर कसं खायला उठतं, हे त्याला ठाऊक होतं. मग आशाच्या आईचं काय होत असेल? मनोजने नको म्हटलं होतं, पण त्याला राहवेना. पत्ता त्याच्याकडे होताच, लग्नाचा अल्बम त्यानेच तिथे पोचवला होता. जानेवारीच्या पहिल्या रविवारी तो कळवणची बस धरून निघाला. बसमध्ये सांत्वनाचे चार शब्द जुळवत राहिला आणि तेवढ्यातच दोनदा अडखळला.

आशाची आई, ठमाबाई, ओट्यावर सुपात तीळ निवडत बसल्या होत्या.

"मी नाशिकचा फोटोवाला. आशाताईंच्या लग्नात..."

"वळखलं ना. या, बसा. उन्हाचे आलात, पानी घ्या आधी."

त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला, कांद्याच्या रोपाची चौकशी केल्यासारखी स्टुडिओची चौकशी केली. म्हातारीने मन दगडाचं केलंय, गोटीरामला वाटलं. जुळवलेले शब्द त्याने बाजूला ठेवले. त्याने नुसता लिफाफा पुढे केला.

ठमाबाईंनी हात लुगड्याला पुसले. फोटो उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला. मग आशाच्या तोंडावरून बोट फिरवलं.

"वाळूच वाळू की हो. लय दिवसांची आवड तिची." त्या हसल्या आणि एकदम थांबल्या. "पन हिनं पदर उजव्या खांद्यावर कसा घेतला?"

गोटीराम ओशाळला. तीस वर्षांचा धंदा! उन्हाच्या नादात त्याला पदरच दिसला नव्हता. बाईंच्या एका नजरेत सापडला. आता निगेटिव्ह उलटी घातल्याचं सांगायचं, माफी मागायची आणि दुसरी प्रिंट करून आणायची. त्याने तोंड उघडलं.

पण ठमाबाईंनी स्वतःच उत्तर शोधलं होतं. "तिकडल्या बाया घेत आसतीन तसा. पाहून पाहून हिनंबी घेतला." त्यांनी फोटो पदराने पुसला, देवाच्या कोनाड्यात उभा केला आणि पुन्हा सूप पुढे ओढलं. "जावई म्हनले, संक्रांतीला आनून सोडतो. आली म्हंजे इचारते तिलाच."