दिवस मावळायच्या आत

"दिवा लागला की?"

"खायाचं न्हाई."

"कुणी दिलं तर?"

"तरीबी न्हाई." तानीनं जोरात मान हलवली, तशी अंजनाच्या हातातली वेणी सुटली.

"हलू नगंस." अंजनानं पुन्हा पेड धरले. तानीचे केस तेलानं चपचपीत होते. पाहुणे यायचे असले की आश्रमाच्या रंगुबाई तेलाची बाटली बाहेर काढत.

"आक्का, त्यांच्याकडं म्हस हाय?"

"आसंल. बाई म्हणाल्या, पसंत पडलो तर दोघीस्नी नेतील. तू फकस्त ध्यानात ठेव."

तानीला ते जड जात होतं. घरी चूल पेटायची तीच अंधार पडल्यावर, आई मळ्यातून आली की. आई पटकीनं गेली, दोघी सांगलीच्या या अनाथाश्रमात आल्या, आणि रंगुबाईंनी त्यांच्याकडून आधी णमोकार मंत्र आणि दिवस मावळल्यावर न खायचा नेम पाठ करून घेतला. "जैनाच्या घरात जैनाचंच लेकरू जातं," त्या म्हणाल्या होत्या. "हितनं बाहेर पडायचं आसंल तर शिका."

पाहुणे कराडचे. रामगोंडा हळदीचा व्यापार करत. धोतराच्या काठालाही पिवळेपणा होता. त्यांच्या पत्नी राजमती सोप्यात सतरंजीवर ताठ बसल्या होत्या. मुलींनी णमोकार म्हटला. तानी एका शब्दाला अडखळली आणि अडखळलेला शब्द तिनं दुप्पट मोठ्यानं म्हटला. रामगोंडा हसले.

"दोनी नेऊ की. घर काय ल्हान हाय व्हय?"

राजमती हसल्या नाहीत.

उन्हं भिंतीवर चढली आणि जेवणाची घंटा झाली. मुली ताटल्या घेऊन पळाल्या. तानी उठायला लागली.

"बसा. ह्या दोघी मागनं जेवतील," राजमती म्हणाल्या. "आमचं बोलणं व्हायचंय अजून."

रंगुबाईंनी भिंतीवरच्या उन्हाकडे पाहिलं.

राजमतींनी सावकाश विचारलं. भाकरी थापता येते का. आई काय म्हणून हाक मारायची. अंजनाची नखं पाहिली, तानीच्या कानामागं बोट फिरवून पाहिलं. आत जेवणं उरकली. राखेनं ताटल्या घासल्याचा आवाज आला आणि तोही थांबला. लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून रंगुबाई कंदील उशिरा लावत.

"दिवा लावा की, बाई. तोंडं दिसंनात," राजमती म्हणाल्या.

कंदील लागला. मग त्यांनी पिशवीतून पितळी डबा काढला. तुपाचा वास सोपाभर झाला. दोघींच्या हातावर एकेक बेसनाचा लाडू आला.

अंजनानं आपला लाडू परत डब्यात ठेवला. "दिवस मावळला."

"मावळला," तानी म्हणाली. लाडू मात्र तिच्या हातातून सुटला नाही.

राजमतींनी तिला ओढून मांडीवर घेतलं. आवाज मऊ झाला. "तू ल्हान हाईस. ल्हान लेकरांना चालतंय. खा, बाळ."

तानीनं अंजनाकडे पाहिलं. अंजनाला मान हलवता येईना. तिच्या मानेवरच राजमतींची नजर होती. तानीनं घास घेतला.

राजमतींनी तिला मांडीवरून उतरवलं.

"बघितलासा का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मंत्र काय, पोपटबी म्हणतो. आपल्यातलं लेकरू आसतं तर हातसुदीक लावला नसता."

"भुकेजलंय ते. जेवू कुठं दिलंस तू?"

"म्हणून तर न्हाई दिलं."

रामगोंडा नखातली हळद काढत बसले.

"बाई, खरं सांगा," राजमती म्हणाल्या. "सख्ख्या का ह्या दोघी? सख्ख्या आसल्या तर थोरलीबी तसलीच. मग आमी जातो रिकाम्या हातानं."

रंगुबाईंनी अंजनाकडे पाहिलं.

"ती माझी कुणी न्हाई," अंजना म्हणाली.

"मागनं आलीया ती," रंगुबाई घाईनं म्हणाल्या. "स्टेशनावर घावली."

"मग ऊठ, पोरी. काय कापडं हाईत ती घे."

कापडं एका फडक्यात मावली. दारात छकडा उभा होता. रामगोंडा आधी जाऊन बसले. अंजनानं चाकावर पाय ठेवला, तेव्हा तानी पळत आली. तिनं अर्धाच लाडू खाल्ला होता. उरलेला मुठीत दाबून दाबून त्याचा गोळा झाला होता.

"आक्का! आक्का, ह्यो तुझा!"

राजमती वळल्या. "तुला आक्का का म्हणती गं ही?"

अंजनानं मागं पाहिलं नाही. "ती हितं समद्यास्नीच आक्का म्हणती."

तानीचा हात तसाच पुढं राहिला. ती अंजनाच्या पाठीकडे बघत होती. वेणी घालताना आक्का एकदा सांगायची, मग तानी म्हणून दाखवायची. तसे तिनं आक्काचे आताचे शब्द ओठातल्या ओठात म्हणून बघितले. मग तिनं राजमतींचा पदर ओढला आणि मूठ वर करून उघडली.

"आक्का, तुमी खावा."

राजमतींनी पदर सोडवून घेतला.

"दिवस मावळलाय, बाळ," त्या म्हणाल्या, आणि छकड्यात चढल्या.