चार नऊंची पाटी

बँकॉकच्या वान्पेनबाईंनी जावेच्या नाकावर टिच्चून घेतलेली विजेची आलिशान गाडी वर्षातच रडायला लागली. कधी स्क्रीन काळी, कधी दार उघडेना. ‘घेतली त्या भावात विकून दाखवीन,’ असं जावेला ठणकावून बसलेल्या. आज गिऱ्हाईक येणार, म्हणून विहारातल्या भन्तेंकडून गाडीवर पाणी शिंपडून घेतलं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. ऐनवेळी दार रुसलं तर?

गिऱ्हाइकानं दाराकडे बघितलंही नाही. उकिडवं बसून नंबराची पाटी रुमालानं पुसली.

“चारही नऊ! लई शुभ आकडा, मावशी. सांगाल ती किंमत.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. “मग गाडी कधी नेताय?”

“गाडी नको हो, पाटी तेवढी द्या. अशीच गाडी माझ्याही दारात आहे, विकलीच जात नाही!”