पोच

त्या दिवशी सकाळी दिवा लागला नाही.

तिने चहाचं आधण ठेवलं, दात घासून आली, पुन्हा पाहिलं. ओट्यावरच्या फळीवरचा पिवळा दिवा विझलेलाच. एरवी उजाडता उजाडता तो लागायचा. लागला, की दोन तासांच्या अंतरावर एकट्या राहणाऱ्या सासूबाई उठल्या, त्यांनी आपलं बटण दाबलं, त्या ठीक आहेत, असं समजायचं. मग हिने इकडचं बटण दाबायचं, की तिकडे त्यांचा दिवा लागायचा. एवढंच ते इंटरनेटवर चालणारं यंत्र, तिने स्वतः बनवलेलं.

ती इंजिनियर होती खरी, पण नवरा गेल्यावर तिने नोकरी सोडली होती. पडदे ओढलेले असायचे, दुपार कलली तरी अंथरूण सुटायचं नाही. कुणाचा फोन आला तर ‘बरी आहे’ म्हणून ठेवून द्यायची. अशातच एकदा सासूबाईंचा फोन आला. न्हाणीघरात पाय घसरला, थोडक्यात निभावलं, म्हणाल्या. उद्या पडून राहिले तर कुणाला कळायचं? तू एवढी शिकलेली, काहीतरी करून दे मला.

तोवर जो तो तिचं सांत्वन करत होता. काम कुणी सांगितलं नव्हतं.

तिने पलंगाखालचं खोकं ओढलं. तारा, बटणं, छोटे दिवे, सगळं धूळ खात पडलेलं. नवरा-बायकोला एकच वेड होतं. तो इंटरनेटवर काय काय धुंडाळायचा, कुठे कलंडला तरी न सांडणारा पेला, कुठे वाजता वाजता पलंगाखाली पळून जाणारं गजराचं घड्याळ. आणि ही ते कसं चालत असेल ते कागदावर काढून दाखवायची. जेवणं निवून जायची त्या नादात.

सासूबाई मात्र गिऱ्हाईक म्हणून भलत्याच चिकित्सक निघाल्या. पहिल्या यंत्रात दिवा फक्त हिच्याकडे होता. ते त्यांना पटलं नाही.

“तुला कळलं हे मला कसं कळायचं? पोच नको का?”

म्हणून दुसरा दिवा आला. हिने आपलं बटण उशाशी बसवलं होतं, तेही त्यांनी हाणून पाडलं. अर्धवट झोपेत दाबशील नि पुन्हा कूस बदलशील, मी इकडे मरून पडले तरी तुला पत्ता नाही. चांगलं स्वयंपाकघरात लाव, असं ठणकावलं. शिवाय, तुझी पोच आल्याशिवाय मी चहा घेणार नाही, असंही बजावून ठेवलं. म्हातारं माणूस तिकडे चहासाठी खोळंबलंय, या धास्तीने ती ताडकन उठू लागली.

हा सगळा किस्सा तिने इंटरनेटवर लिहिला, तिच्यासारखीच वेडी माणसं जमतात अशा एका ठिकाणी. लोकांना तो फार आवडला. कुणी आजोबांसाठी तसं यंत्र केलं, कुणी हॉस्टेलवरच्या बहिणीसाठी. सगळ्यांत कौतुक झालं ते स्वयंपाकघरातल्या बटणाचं. वापरणाऱ्याचं ऐकावं ते असं, एकाने लिहिलं. प्रश्नांना उत्तरं देता देता तिचे दिवस भरू लागले. एवढ्या सकाळी उठून करायचं काय, म्हणून ती फिरायला जाऊ लागली. पुढे नवी नोकरीही धरली.

हे आपण सासूबाईंना कधीतरी सांगायला हवं, असं तिला फार वाटायचं. तुम्हाला माझी गरज पडली म्हणून मी उभी राहिले. पण त्यांचाही मुलगाच गेला होता. त्यांच्यापुढे शब्द फुटायचे नाहीत.

आणि आज दिवा नव्हता. तिने फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तिकडचं यंत्र जोडलेलं नाही, एवढंच इकडून दिसत होतं. वीज गेली असेल, प्लग निघाला असेल, तिने स्वतःला समजावलं. मग गॅस बंद केला आणि गाडीची किल्ली उचलली.

वाटेत ती मनातल्या मनात सगळं बोलून घेत होती. उशीर झाला नसू दे, म्हणजे झालं. आज तोंडावर सांगून टाकीन.

सासूबाईंच्या दाराला कुलूप होतं. तिने शेजारची बेल दाबली. शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहत. त्यांनी दार उघडलं आणि हिला पाहून त्या चौकटीला धरूनच उभ्या राहिल्या.

“आई कुठल्या दवाखान्यात आहेत?” तिने विचारलं. “पुन्हा पडल्या का?”

“पुन्हा म्हणजे? त्या कधी पडल्या?”

“मागे न्हाणीघरात. एकट्याच असतात ना, म्हणून तर...”

“एकट्या कुठे असतात? वर्ष झालं, माझ्याकडेच तर झोपतात. रोज टेकडी चढतो आम्ही दोघी.”

नर्सबाईंच्या खांद्यावरून तिला आतली खोली दिसली. दोन पलंग, मध्ये स्टूल, आणि स्टुलावर तिने बनवलेला दिवा. विझलेला. आत्ताच खालच्या मजल्यावरचे सांगून गेले, नर्सबाई म्हणाल्या, सगळ्या बिल्डिंगचं इंटरनेट रात्रीपासून बंद आहे.

“मग आई कुठे आहेत?”

नर्सबाईंनी तिला एकदा आपादमस्तक न्याहाळलं, पेशंट शुद्धीवर आला की पाहावं तसं. मग तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं.

“पहिल्या बसने तुझ्याकडे निघून गेल्या गं. फोनसुद्धा त्यांच्या घरात कुलपाआडच राहिला. ‘आज ती उठली नाही,’ एवढंच म्हणाल्या.”