हिराच्या नावाने

"बसत नाही, सुगंधाताई. फक्त सही हवी," असं म्हणून ज्ञानेश बसला.

दांडीच्या किनाऱ्यावर सुगंधा बोंबील वाळत घालत होती. तिचे हात थांबले नाहीत.

ज्ञानेश मूळचा साताऱ्याचा, बोईसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. शिवाय 'गतिमान प्रतिष्ठान'चा मार्गदर्शक. होतकरू सायकलपटूंना शर्यतीची सायकल मिळवून द्यायची आणि दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर जिद्दीचे सुविचार पाठवायचे, हे त्याचं काम. सुविचार वेळेवर जात.

"ग्रँट मंजूर झाली. हिराच्या नावाने. एकमताने!"

"तीन वर्सं फॉर्म परत धाडलात."

"त्रुटी होत्या, ताई. पहिल्या वर्षी दाखल्यावर 'हिरा', आधारवर 'हीरा'. मग वय आठ दिवसांनी जास्त भरलं. गेल्या वर्षी पदक जिल्ह्याचं निघालं, राज्याचं हवं होतं."

"आनि आता?"

"आता पेपरात बातमी आली ना, फोटोसकट. अध्यक्षांनी स्वतः विषय काढला. सात मिनिटांत ठराव."

"मी तवाच सांगितलेलं, तिच्या सायकलीचा ब्रेक लागत नाय. रस्त्याला टँकर धावतात. शर्यतीचं ऱ्हाऊ द्या, निदान धड सायकल तरी द्या."

"ते इतिवृत्तात घेतलंय."

शेजारी जाळं सांधणारी ठकी मान वर न करता म्हणाली, "सर, अख्खी देताय ना? का यंदा चाकं नि पुढल्या वर्साला हँडल?"

"अख्खी, मावशी. डिस्क ब्रेकवाली." ज्ञानेशने हसून घेतलं. "पालघरला कार्यक्रम आहे, हॉलमध्ये. सायकल सुगंधाताईंच्या हातून द्यायची, अशी अध्यक्षांची खास इच्छा आहे."

"माज्या हातून?"

"आईचा मान असतो. आणि हिराचा एक फोटो लागेल. हसरा."

"हसरा एकच हाय. सायकलीवरचा."

"उत्तम. बॅनरला तोच हवा."

सुगंधाने पदराला हात पुसले, संमतीपत्रावर सही केली. अक्षर गोल, शाळेतल्यासारखं.

ज्ञानेशने सुटकेचा श्वास सोडला. काम पहिल्याच फेरीत झालं होतं. बॅगेतून त्याने छपाईला जाणारी निमंत्रणपत्रिका काढली आणि तिच्यापुढे धरली. "नाव तेवढं बघून घ्या. दाखल्यासारखा घोळ नको आता."

सुगंधा बोट फिरवत वाचत गेली. 'कु. हिरा नामदेव तांडेल सायकल अनुदान. वर्ष पहिले.'

"इतं चुकलंय," ती म्हणाली.

"कुठे? हिराची वेलांटी पहिलीच आहे की."

सुगंधाने त्याच्या हातातलं पेन घेतलं, 'कु'चा उकार खोडला आणि वर दोन मात्रा दिल्या.