सरांनी मांडलेला रेणू

“सर, नऊ वर्षं लागली, पण तुम्ही कागदावर मांडलेला रेणू मी तंतोतंत घडवला.” वत्सलाने दोन आलेख पुढे सरकवले. “झाडाच्या सालीतल्या औषधाशी तो जुळत नाही.”

“तुझाच हात चुकला असेल.”

“तीनदा केलं, सर.”

तीस वर्षांपूर्वी त्या औषधाची रचना मांडूनच सरांचं नाव झालं होतं. ती रचनाच चुकली, हे गुरूच्या तोंडावर सांगायचं कसं? आणि न सांगावं, तर नऊ वर्षं पाण्यात.

सरांनी भिंग लावून दोन्ही आलेख पुन्हा पुन्हा पाहिले.

“मीच चुकलो गं,” ते अखेर म्हणाले. “कीर्तनात बुवांचा ताल सुटला, तरी तबलजीने ठेका सोडायचा नसतो. तू हे छाप.”

“आणि तुमचं नाव?”

“पहिल्याच ओळीत घाल. चूक कोणाची, ते कळू दे लोकांना.”